तीन दिवसांचं मलम आणि वीस मिनिटांचा थेंब

शाळेच्या रजिस्टरात तिच्या नावापुढे दोन नोंदी होत्या. एक, दृष्टी उत्तम. दोन, बुद्धी बेताची. दोन्ही गुरुजींच्या हातच्या, एकाच निळ्या शाईतल्या, आणि दोन्ही चुकीच्या. हे कळायला आम्हाला दीड-दोन महिने लागले. त्यातला बराचसा काळ मी एकटीनं वाया घालवला, हे आधीच कबूल करून टाकते.

नव्वदीच्या दशकाच्या मधल्या वर्षांतली गोष्ट. मी चोवीस वर्षांची होते. चंद्रपूरजवळ ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये, वीज तयार करणाऱ्या चिमण्यांच्या सावलीत वाढल्यामुळे वीज जाते ही गोष्ट मला नोकरी लागल्यावर समजली. नागपूरला कोर्स करून मी नेत्र तपासणी सहायक झाले आणि पहिलीच नेमणूक मिळाली ती वडशाच्या पलीकडच्या एका ग्रामीण रुग्णालयात. आई म्हणाली, "पोरीला जंगलात टाकलं." वडील म्हणाले, "सरकारी जंगल आहे." विषय संपला.

माझ्या खोलीच्या दारावर 'नेत्र विभाग' असं लिहिलं होतं. विभाग म्हणजे एक खुर्ची, एक अक्षरांचा तक्ता, भिंगांची एक लाकडी पेटी, आणि खिडकीला एक्स-रेच्या खोक्यातले काळे कागद चिकटवून तयार केलेला अंधार. पेटीतली तीन नंबरची भिंगं माझ्या आधीच्या कोणाच्या तरी काळात हरवली होती. तीन लागले की दोन आणि एक जोडायचे. विभागाचा प्रमुख, कर्मचारी आणि शिपाई मीच. दर गुरुवारी जिल्ह्याहून डोळ्यांचे डॉक्टर येत. निवृत्तीला आलेले, कमी बोलणारे, आणि जेवढं बोलत तेवढं लागेल असंच बोलणारे. त्यांना मी सर म्हणायची. ते मला 'ऊर्जानगर' म्हणत.

वर्षभर आमच्याकडे एकच पीक, मोतीबिंदू. महिन्याच्या बैठकीत सगळ्यांना एवढंच विचारलं जाई की ऑपरेशनं किती झाली. मुलांच्या डोळ्यांसाठी वर्षातून एकदा शालेय तपासणी असे. त्यातही आमचा त्रास वाचावा म्हणून सरकारनं ते काम गुरुजींवर सोपवलं होतं. वर्गाच्या एका टोकाला तक्ता टांगायचा, वीस फुटांवर मूल उभं करायचं, शेवटची ओळ वाचली की उत्तम, नाही वाचली की आमच्याकडे पाठवायचं.

या पद्धतीत एक छोटीशी गंमत होती. ज्याला लांबचं दिसत नाही ते मूल सापडायचं. ज्याला जवळचं दिसत नाही ते मूल शेवटची ओळ खडाखडा वाचून, गुरुजींची शाबासकी घेऊन जागेवर बसायचं आणि पुढच्या तासाला पुस्तक वाचता येत नाही म्हणून त्याच गुरुजींच्या छड्या खायचं. दूरदृष्टी हा मोठ्या माणसांचा गुण. लहान मुलाच्या डोळ्यांत ती असली की दोष.

रजिस्टरातली ती मुलगी आली जानेवारीत, आणि गुरुजींनी पाठवली म्हणून नव्हे. तिची आई घेऊन आली.

आई ढिवर. त्यांच्या गावच्या बोडीत, म्हणजे लहान तळ्यात, आणि पावसाळ्यात नदीवर मासे धरायचे, सकाळी वडशाच्या बाजारात न्यायचे, हा घरचा धंदा. नवरा त्या दिवसांत आंध्राकडे मिरची तोडायला गेलेला. बाई बाजारातून थेट आली होती, रिकामी टोपली काखेत. तिनं टोपली माझ्या नेत्र विभागाच्या मधोमध ठेवली आणि पुढचे चार दिवस माझा विभाग कशाचा आहे हे कोणालाही न विचारता कळत होतं.

"म्याडम, ह्या पोट्टीले पाहा जरा," ती म्हणाली. "मासे धराचं जारं विनाले बसवली का गाठ चुकते. टोचा मारते त बोटालेच मारते. मी म्हनलं आळशी हाय. पन बोडीच्या त्या पाराले पानकावळा बसला का हिलेच पयले दिसते. आळशी माणसाले येवढ्या लांबचं दिसते का जी?"

मुलीला आजवर भेटलेल्या सगळ्या तज्ज्ञांपैकी असा प्रश्न विचारणारी तिची आई एकटीच होती. तेव्हा मला ते जाणवलं नाही. मला टोपलीच्या वासाचं पडलं होतं.

मुलगी आठ वर्षांची, तिसरीत. तक्ता तिनं शेवटपर्यंत वाचला, शिवाय खाली छापणाऱ्याचं नाव होतं तेही वाचलं. मग मी तिच्या हातात पुस्तक दिलं. तिनं ते हात लांब करून धरलं, कपाळाला आठ्या घातल्या, आणि तिचा उजवा डोळा हळूच नाकाकडे सरकला. पुस्तक खाली केलं की डोळा जागेवर.

"काय दिसतं?" मी विचारलं.

"पयले अक्षरं बराबर राह्यतेत," ती म्हणाली. "मंग येकावर येक बसतेत."

"गुरुजींना सांगितलंस का?"

"सांगतलं. त त्याहीनं मले बाकावर उभं केलं."

आता अशा मुलांचं एक कसब असतं. डोळ्यातला एक लहानसा स्नायू सतत ताणून ती जवळचं दिसण्याची कसर भरून काढतात, आणि तो स्नायू ताणलेला असेपर्यंत चष्म्याचा खरा नंबर काही हाती लागत नाही. म्हणून थेंब घालायचे. थेंबानं बाहुली मोठी होते, हे सगळ्यांना दिसतं. पण खरं काम असतं त्या स्नायूला झोपवण्याचं. तो झोपला की मग अंधारात डोळ्यात उजेड टाकायचा, आत सावली कशी सरकते ते बघत भिंगं बदलत जायची. सावली थांबली की नंबर मिळाला. मुलाला काही विचारावं लागत नाही, त्यामुळे खोटं बोलायची सोय मुलाला नसते. तपासणाऱ्याला असते.

माझ्याकडे त्या दिवशी दोन गोष्टी होत्या. एक ॲट्रोपिनचं मलम. ते दिवसातून दोनदा, तीन दिवस घरी लावायचं आणि चौथ्या दिवशी परत यायचं. दुसरा ट्रॉपिकामाइडचा थेंब. मोतीबिंदूच्या म्हाताऱ्यांच्या डोळ्यांत आम्ही तोच घालायचो. वीस मिनिटांत बाहुली टपोरी, संध्याकाळपर्यंत सगळं पूर्ववत. नागपूरला मोठ्या दवाखान्यात मी तो थेंब भराभर घातलेला पाहिला होता. मलम म्हणजे जुनं, खेडवळ, सरांच्या पिढीचं. थेंब म्हणजे मी.

शिवाय बाई म्हणालीच, "आजच होत असन त करून टाका जी. येनंजानं होत नाई."

मी थेंब घातला. वीस मिनिटांनी मुलीची बाहुली इतकी सुंदर मोठी झाली की मला माझाच अभिमान वाटला. उजेड टाकला, भिंगं बदलली, सावली जरा पुढेमागे नाचत होती, पण मी तिला थांबली असं समजले. नंबर आला अधिक दीड. या वयात एवढा असतोच. मी कागदावर झोकदार अक्षरात लिहिलं, 'चष्म्याची आवश्यकता नाही', आणि बाईला समजावून सांगितलं की मुलीचे डोळे चांगले आहेत, तिला वाचनाची सवय लावा, गाजर द्या.

"गाजर," बाई म्हणाली. तिनं टोपली उचलली. "आमच्या इथी त बोडीतले झिंगे राह्यतेत."

तो कागद मुलीनं शाळेत नेऊन दाखवला. नेत्र विभागाचा शिक्का असलेला तो कागद पाहून गुरुजींना किती बरं वाटलं असेल! आजवर ते नुसत्या अनुभवावर तिला ढ म्हणत होते. आता त्यांच्या पाठीशी शास्त्र उभं राहिलं. त्यानंतर ती आठवडाभर बाकावर उभी होती.

हे मला फेब्रुवारीत कळलं. बाई परत आली, या वेळी गुरुवारी, सर असताना. ती माझ्याशी बोललीच नाही. सरळ सरांपुढे मुलीला उभं करून म्हणाली, "ह्या म्याडमनं थेंब टाकला होता. काईच नाई झालं. डोळा आधी कधीमधी जाये, आता जेवतानाई जाते. भाताच्या शितावर डोळा तिरपा होते माझ्या पोट्टीचा."

सरांनी माझा कागद वाचला. मुलीला जवळची एक काडी पाहायला लावली. डोळा आत गेला. लांब खिडकीतून दिसणारं झाड पाहायला लावलं. डोळा परत आला.

"कोणता थेंब घातला होतास, ऊर्जानगर?"

मी सांगितलं.

"का?"

"सर, लवकर होतं त्यानं."

"घाई कोणाला होती? तिला की तुला?"

मी म्हणणार होते की तिच्या आईला होती. पण बाई तिथंच उभी होती, आणि टोपलीही.

सर आवाज न चढवता बोलायचे, त्यामुळे ते सगळ्यांना ऐकू यायचं. म्हणाले, "बाहुली मोठी झाली म्हणजे डोळा झोपला असं नाही. दार उघडं दिसलं म्हणून घरातला माणूस झोपलाय असं समजलीस तू. हा थेंब म्हाताऱ्यांना ठीक. त्यांचा स्नायू कधीच निवृत्त झालेला असतो. हिचा आठ वर्षांचा आहे, दिवसभर राबून पक्का झालेला. त्यात डोळे असे काळेभोर. असल्या डोळ्यांवर औषध चढायला वेळ लागतो. आणि डोळा आत वळणारं मूल असेल तर मलमाशिवाय विश्वास ठेवू नये. सावली नाचत होती की नाही?"

"नाचत होती."

"आणि तू कागदावर गाजर लिहिलंस."

लिहिलं नव्हतं, नुसतं सांगितलं होतं. पण दुरुस्ती करायची ती वेळ नव्हती.

मग सोमवारपासून मलम लावायचं ठरलं, म्हणजे चौथा दिवस सरांच्या गुरुवारी येईल. मी बाईला सगळं शिकवलं. तांदळाच्या दाण्याएवढं घ्यायचं, खालची पापणी ओढून आत सोडायचं, नाकाजवळच्या कोपऱ्यावर बोट दाबून ठेवायचं, बाहेर आलेलं पुसून टाकायचं, हात धुवायचे. चेहरा लाल झाला, अंग तापलं, तोंड फार कोरडं पडलं तर बंद करून इकडे यायचं. दहा-बारा दिवस जवळचं दिसणार नाही आणि ऊन डोळ्यांत घुसेल. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हे मलम दुसऱ्या कोणाच्याही डोळ्यांत घालायचं नाही.

"आमी कायले घालू जी?" बाई म्हणाली. ती खरं बोलत होती. तिनं कोणाच्याही डोळ्यांत घातलं नाही.

अडचण सकाळची होती. बाई उजाडायच्या आत बोडीवर जायची आणि तिथून बाजारात. नवरा आंध्रात. शेजारणींना भरवसा नाही. म्हणून तिनं गावात सगळ्यात शिकलेला माणूस शोधला आणि ट्यूब त्याच्याकडे दिली. संध्याकाळी ती मुलीकरवी ट्यूब परत आणवायची, सकाळी पुन्हा शाळेत पाठवायची. गुरुजींनी मुलीच्या डोळ्यांत नेमानं मलम घातलं. हे मी त्यांच्या बाजूनं मुद्दाम नोंदवून ठेवते. फक्त गुरुजींचे स्वतःचे डोळे त्या आठवड्यात खाजत होते, मलम सरकारी होतं, आणि सरकारी म्हणजे आपलंच. त्यांनी दोन्ही डोळ्यांत घातलं. पहिल्या दिवशी बरं वाटलं म्हणून दुसऱ्या दिवशीही घातलं, आणि दाण्याएवढं नव्हे. शिकलेल्या माणसाला शोभेल एवढं.

चौथ्या दिवशी बाई मुलीला घेऊन आली ती हसतच. मुलीनं मासे ठेवायची बांबूची टोपली डोक्यावरून नाकापर्यंत ओढली होती. बांबूच्या विणीतून झिरपणारं ऊन तिला सोसवत होतं. बस स्टँडपासून ती तशीच चालत आली होती आणि रस्त्यातल्या लोकांना ते फार विनोदी वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी तिचा चेहरा जरा लाल झाला होता, पाणी सारखं मागत होती, पण ताप नव्हता. बाईनं सांगितल्याप्रमाणे रोज डोळ्याचा कोपरा दाबला होता.

"मंग हसता काऊन?" मी विचारलं. दोन महिन्यांत माझी भाषाही सुधारत चालली होती.

"गुर्जी," बाई म्हणाली, आणि तिला पुन्हा हसू आलं. "काल त्याहीचे साहेब आले होते, वर्ग पाहाले. म्हने, गुर्जी, धडा वाचा. त गुर्जीनं पुस्तक लांब धरलन. मंग आनखी लांब धरलन. मंग खिडकीत नेऊन ठेवलन आन मांगं सरकले. साहेब म्हने, काऊन गुर्जी, हात पुरत नाई का? पोट्टे सारे हासून राह्यले. मंग गुर्जी पाठच म्हनाले लागले, तं पान दुसऱ्याच धड्याचं होतं."

सर ऐकत होते. त्यांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. त्यांनी मुलीची टोपली काढून बाजूला ठेवली, दार लावायला सांगितलं आणि म्हणाले, "तूच बघ."

मी उजेड टाकला. या वेळी सावली नाचत नव्हती. झोपलेल्या डोळ्यातली सावली शहाण्यासारखी हळू सरकते. दोनचं भिंग लावलं, सरकली. तीन हवे होते, तेव्हा दोन आणि एक. सरकली. चार. पाच. मला वाटलं माझंच काही चुकतंय. साडेपाचला थांबली. दोन्ही डोळ्यांत.

अधिक दीड आणि अधिक साडेपाच यांच्यातला फरक म्हणजे चार नंबर. चार नंबर म्हणजे तिसरीचं एक वर्ष, बाकावरचा एक आठवडा, जाळ्याच्या टोच्यानं फोडलेली बोटं आणि माझं गाजर. हे सगळं तीन दिवस वाचवण्यासाठी. मी सरांकडे पाहिलं नाही.

"थोडे कमी करून चष्मा दे," ते म्हणाले. "आणि जुना कागद फाड." मग थांबून म्हणाले, "नको, ठेव. तुझ्याकडेच ठेव."

गुरुजींचं प्रकरण तिथं संपलं नाही. ज्यांना वाटलं असेल की दहा दिवस पुस्तक न दिसल्यामुळे गुरुजींना त्या मुलीचं दुःख कळलं आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, त्यांनी आमचे गुरुजी पाहिलेले नाहीत. डोळ्यांत पाणी आलं ते उन्हामुळे. त्यांनी तक्रार केली. 'ग्रामीण रुग्णालयातील सदोष मलमामुळे माझी दृष्टी गेली असून संबंधितांवर कार्यवाही व्हावी.' पण जवळचं दिसत नसल्यामुळे तक्रार त्यांना लिहिता येईना. ती त्यांनी चौथीतल्या एका मुलीला सांगून दुरेघी वहीच्या पानावर लिहून घेतली होती. 'कार्यवाही'ला तीन ठिकाणी खाडाखोड होती. खाली गुरुजींची सही, ओळ सोडून वर निघालेली.

माझ्याकडे खुलासा मागितला गेला. मी दोन पानं लिहिली. सरांनी ती वाचून एक ओळ ठेवली की सदर मलम सदर गुरुजींना दिलेले नव्हते. अकराव्या-बाराव्या दिवशी गुरुजींची दृष्टी आपोआप परत आली आणि त्यांनी ते श्रेय तुळशीच्या पाण्याला दिलं. त्यांच्यात झालेला बदल म्हणाल तर एवढाच, की सरकारी औषधांवरचा त्यांचा विश्वास उडाला. मुलीला मात्र त्यांनी चष्मा येईपर्यंत वर्गाबाहेर झाडाखाली बसवलं. संसर्ग नको म्हणून.

चष्मा नागपूरहून यायला तीन आठवडे लागले. फ्रेम मोठ्या माणसाची होती, बाईनं ती जाळ्याच्या नायलॉन दोरीनं मुलीच्या डोक्यामागे बांधली. मी पुस्तक पुढे केलं. मुलीनं ते लांब धरलं, सवयीनं. मग हळूहळू जवळ आणलं. आणखी जवळ. उजवा डोळा जागचा हलला नाही. तिनं एक ओळ वाचली, थांबली, माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा तीच ओळ वाचली. अक्षरं अजून तिथंच आहेत का ते बघायला.

मला अशा प्रसंगी आईच्या डोळ्यांत पाणी येईल अशी अपेक्षा होती. बाई मुलीच्या तोंडाकडे बघून म्हणाली, "आतापर्यंत तिरपी मनून हासत होते, आता चष्मीस मनतीन." मग सरांना हात जोडले. मला नाही. निघताना मात्र दारातून वळून म्हणाली, "म्याडम, घर कोठी तुमचं? झिंगे देऊन जाईन."

पावसाळ्यात मुलीला पुन्हा तपासायचं होतं. तेवढ्यात सर नागपूरच्या कुठल्याशा परिषदेहून सायक्लोपेंटोलेट नावाच्या थेंबाच्या चार बाटल्या घेऊन आले होते. हा माझ्या थेंबासारखा नव्हता. दहा-दहा मिनिटांनी दोन-तीन वेळा घालायचा, पाऊण-एक तास थांबायचं, स्नायू बऱ्यापैकी झोपतो आणि एक-दोन दिवसांत जागा होतो. मी बाटली हातात घेतली आणि ठेवून दिली.

"मलमच देऊ सर. तीन दिवसांचं."

"आता काऊन?" सर म्हणाले. ते इकडचे नव्हते, पण इतक्या वर्षांत तेही सुधारले होते.

"तुम्हीच म्हणाला होता की मलमाशिवाय विश्वास ठेवू नये."

"पहिल्यांदा ठेवू नये. आता तिचा नंबर आपल्याला माहीत आहे. बाहेर बघ." बाहेर पाऊस कोसळत होता. मुलीच्या गावच्या नाल्याला पूर येऊन गेला होता, बाई दोन ठिकाणी उतरून, मुलीला खांद्यावर घेऊन आली होती. "तीन दिवस मलम लाव आणि चौथ्या दिवशी परत ये असं सांगशील, आणि चौथ्या दिवशी नाला भरलेला असेल. मग पोरगी पंधरा दिवस विनाकारण आंधळी कोशिंबीर खेळेल. तू आधी औषध घाईनं निवडलंस, आता भीतीनं निवडतेस. रस्ता बघून निवड, डोळा बघून निवड."

मी नवा थेंब घातला. झोंबतो तो चांगलाच. मुलगी ओरडली नाही, फक्त मला एक अस्सल तिकडची शिवी दिली, ती तिच्या आईनं न ऐकल्यासारखी केली. अर्ध्या तासानं मुलगी बाकावर पेंगायला लागली. या थेंबानं काही मुलं थोडी बरळतात, असं सरांनी सांगून ठेवलं होतं. ती डोळे मिटून पुटपुटत होती, "गुर्जी, लांब धरा. आनखी लांब. खिडकीत ठेवा." बाई तोंडाला पदर लावून हसत होती. सरही हसले. मी त्यांना हसताना त्या एकाच वेळी पाहिलं.

नंबर आला पाच. दोन-तीनदा पाहिला, कधी पाच, कधी पाचला थोडा वर. मलमापेक्षा जरा कमी, पण माझ्या पहिल्या थेंबासारखा दगाबाज नाही. तासाभरात सगळं झालं आणि मायलेकी दुपारच्या बसनं, नाला पुन्हा भरायच्या आत परतल्या.

त्या पावसाळ्यानंतर आम्ही दोघांनी मिळून एक टिपण केलं. कोणत्या मुलाला मलम, कोणाला थेंब. डोळा वळत असेल, मूल लहान असेल, पहिलीच तपासणी असेल तर मलम, आणि आईला नीट शिकवून. रस्ता बंद व्हायच्या दिवसांत, किंवा नंबर आधीच माहीत असेल तर नवा थेंब. आणि म्हाताऱ्यांचा थेंब म्हाताऱ्यांना. सरांनी ते वर पाठवलं. महिन्याभरानं उत्तर आलं, टिपण उपयुक्त आहे, परंतु सोबत मोतीबिंदूचा तक्ता जोडलेला आढळला नाही. सरांनी तक्ता जोडला.

पुढच्या वर्षी ते निवृत्त झाले. त्यांच्या जागी जे आले त्यांना मुलांचे डोळे तपासायला वेळ नव्हता, आणि ते एका परीनं बरंच झालं, मी माझ्या पद्धतीनं तपासत राहिले. शाळांतून फिरताना गुरुजींना सांगायला लागले की तक्ता वाचून झाला की मुलाच्या हातात पुस्तकही द्या. काहींनी दिलं. काहींनी पुस्तकही वीस फुटांवर टांगलं.

दोन हजार सालानंतर कधीतरी मी वडशाच्या बाजारात गेले होते. बाई ओळीत बसली होती, आता केस पांढरे. तिच्या शेजारी उंच झालेली एक मुलगी, डोक्यामागे दोरी बांधलेला चष्मा, पुढ्यात मरळ. गिऱ्हाईक उभं होतं, आणि ती मासे गुंडाळायच्या जुन्या वर्तमानपत्राचं पान नाकाशी धरून वाचत होती.

"गुंडाळ ना व," बाई ओरडली. "मानूस कवाचा उभा हाय."

"येवढी बातमी होऊ दे," मुलगी म्हणाली.

"रोज असंच करते," बाई मला म्हणाली, कोण्या परक्या बाईला सांगावं तसं. मग तिनं नीट पाहिलं, ओळखलं, आणि न विचारताच माझ्या पिशवीत दोन ओंजळी झिंगे ओतले. मुलीनं मान वर केली नाही. बातमी पानाच्या कडेला अर्धवट फाटलेली होती, आणि ती उरलेलं पान शोधायला गठ्ठा उलटापालटा करत होती.